दानपत्रांची वाट : खानापूर ते हलशी

 

वर्धापनाच्या ह्या मंगल प्रसंगी पाठशाळेतील एका शिक्षकाने काही बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा मी एखादा शास्त्रविषय घेईन अशी आपली समजूत झाली असेल. व्याकरण शिकविणाऱ्याने व्यासपीठावर उभे राहून एका आडवळणाच्या रस्त्याची कथा सांगावी, हे काहींना विलक्षण वाटेल. परंतु ज्या रस्त्याविषयी मी बोलणार आहे, त्याच्या कडेलाच संस्कृत भाषेतील काही अत्यंत जुनी दानपत्रे भूमीच्या पोटात शेकडो वर्षे पडून होती, आणि त्यांतील वाक्ये विद्यार्थ्यांकडून मी विग्रहासह म्हणवून घेतली आहेत. ती वाक्ये त्या मातीवर उभे राहून वाचण्याचा योग मात्र मला बऱ्याच उशिरा आला. त्या दिवशी एका प्रश्नाने माझी जी अडचण झाली, तीच आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

प्रथम वाट कोठली ते सांगतो. बेळगावहून दक्षिणेस सुमारे 26 किलोमीटरांवर खानापूर लागते. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावलेली मलप्रभा ह्या गावाला वळसा घालून पूर्वेकडे जाते. येथील मातीला चिकटपणा चांगला, म्हणून कुंभारकाम आणि कौले ह्यांसाठी गावाचे नाव सर्वतोमुखी झाले आहे. गोमंतकातून रेल्वेने बेळगावास जाणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांनी हे स्टेशन पाहिले असेल. पाहिले असेल म्हणजे खिडकीतून, कारण उतरण्याचे कारण सहसा पडत नाही. आगगाडी व मोठी सडक दोन्ही येथून लोंढ्याच्या दिशेने निघून जातात. आपली वाट त्यांची संगत सोडून आग्नेयेस वळते. तीन-साडेतीन कोसांवर नंदगड, तेथून आणखी दोन कोसांच्या आत हलशी. एवढाच तिचा विस्तार. नंदगडहून दुसरा फाटा पूर्वेला बिडीवरून कित्तूरकडे जातो, आणि कित्तूरच्या नैर्ऋत्येस थोड्या अंतरावर देगांवे आहे. त्या फाट्याचाही उल्लेख पुढे येईल.

हा मुलूख दोन प्रकृतींच्या सीमेवर आहे. खानापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीचे रान, मुसळधार पाऊस, लाल माती आणि भाताची खाचरे. पूर्वेला बिडी ओलांडली की पाऊस ओसरतो, माती काळवंडते आणि ज्वारी दिसू लागते. मराठी व कानडी ह्या भाषांचेही तसेच आहे. त्यांची सीमा काठीने ओढलेली नाही, एकाच बाजारात एकीतून दुसरीत माणसे सहज जातात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्या राज्याचे नाव 1973 साली कर्नाटक झाले. ह्या घटनांनी ज्यांच्या मनाला जखमा झाल्या असे वृद्ध आपल्यात बसलेले आहेत, त्यांचा मान राखून मी तो विषय येथेच ठेवतो.

आता हलशीकडे वळू. हिचे प्राचीन नाव पलाशिका. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत बनवासीच्या कदंब राजांची ही दुसरी राजधानी होती. ह्या घराण्याचा मूळ पुरुष मयूरशर्मा. तो विद्याध्ययनासाठी कांचीच्या घटिकेत गेला असता तेथील पल्लवांच्या एका घोडेस्वाराशी त्याचा कलह झाला आणि अपमान सहन न होऊन त्याने दर्भ टाकून शस्त्र हाती धरले, असे तालगुंद्याच्या स्तंभलेखात वर्णन आहे. पाठशाळेतील मुलांना ही कथा फार आवडते, कारण तिच्यात विद्यार्थीच राजा होतो. मुलांना ती सांगून झाली की मला त्यांना पुन्हा पाठांतराला बसविण्यास बराच वेळ लागतो!

ह्या राजांचे ताम्रपट हलशीस सापडले. स्थळही नेमके नोंदलेले आहे. हलशी गावाच्या बाहेर, नंदगडला जाणाऱ्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाची एक लहानशी विहीर आणि तिच्यालगत मातीचा एक उंचवटा. त्या उंचवट्यात पत्र्यांचे सात संच निघाले. डॉ. फ्लीट ह्या मुंबई इलाख्यातील अधिकाऱ्याने ते वाचून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध केले. दिवसा कचेरीचे काम आणि उरलेल्या वेळात शिलालेख, असे ज्यांचे आयुष्य गेले अशा परदेशी पंडितांपैकी ते एक होते. त्यांची सर्वच मते पुढे टिकली नाहीत, पण पाठ वाचण्यातील त्यांची शिस्त आजही आमच्यासारख्यांना लाजविते.

ह्या सात संचांत आहे तरी काय? कोणी म्हणेल युद्धांची वर्णने असतील. ती थोडी आहेत. रविवर्म्याने विष्णुवर्मा आदी राजांना मारून, कांचीच्या चंडदंडाला उखडून पलाशिकेत आपले आसन स्थिर केले, असे एका पत्र्यात आहे. परंतु पत्रे कोरविण्याचे प्रयोजन ते नव्हे. प्रत्येक पत्रा हा जमिनीचा कागद आहे. सर्वांत जुना काकुस्थवर्म्याचा. आपणाला संकटातून तारल्याबद्दल त्याने श्रुतकीर्ती नामक सेनापतीला खेट नावाच्या गावातील एक शेत दिले. पत्र्यावर ऐंशीव्या वर्षाचा निर्देश आहे, ते वर्ष कोणत्या गणनेचे ह्यावर विद्वानांत मतभेद आहेत. मृगेशवर्म्याने आपल्या पित्याच्या पुण्यासाठी पलाशिकेत जिनालय बांधविले आणि मातृसरित् नावाच्या नदीपासून इंगिणीसंगमापर्यंतची तेहतीस निवर्तने भूमी यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक ह्या जैन संघांना दिली. निवर्तन हे भूमी मोजण्याचे जुने माप होय. रविवर्म्याचा भाऊ भानुवर्मा ह्याच्या काळात पंडर नावाच्या एका भोजकाने कर्दमपटीतील पंधरा निवर्तने जिनाच्या पौर्णिमेच्या अभिषेकासाठी दिली. कर्दमपटी ह्या नावातच चिखल आहे. ती भाताची खाचरे असावीत असे मला वाटते, आणि त्या मुलखात पावसाळ्यात पाय घातलेल्या कोणालाही तसेच वाटेल.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. कदंब राजे मानव्य गोत्राचे, स्वतःला हारितीपुत्र म्हणविणारे, वैदिक यज्ञांचा अभिमान बाळगणारे. त्यामुळे त्यांची दाने ब्राह्मणांना व देवालयांनाच असणार असे मी गृहीत धरले होते, आणि आरंभीच्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना तसे सांगितलेही होते. चक्रतीर्थ हे नाव वैष्णव वाटते, त्यानेही माझी दिशाभूल केली. पत्रे मुळातून एकेक करून वाचले तेव्हा ती समजूत गळून पडली. एका पत्र्यात तर असे आहे की पलाशिकेत दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तपस्व्यांची भोजनव्यवस्था गावाच्या उत्पन्नातून चालावी. चार महिने एका जागी राहणारा यती आणि त्याच्या पत्रावळीची काळजी वाहणारे गृहस्थ! आपल्या श्रीस्वामींच्या चातुर्मासात शिध्याच्या याद्या करणाऱ्या आपणांस हे चित्र परके वाटू नये. त्या काळी पलाशिकेच्या वाटेवर पावसात भिजत तांदळाची पोती येत असतील, ती कोणत्या पंथाच्या मुदपाकखान्यात जात आहेत हे बैलांना ठाऊक नव्हते.

प्रत्येक पत्र्याच्या शेवटी शापवचने येतात. आपली किंवा दुसऱ्याने दिलेली भूमी जो हिरावून घेईल तो साठ सहस्र वर्षे नरकात शिजेल, असा त्यांचा आशय. ही वचने हलशीपुरती नाहीत, भारतभर दानपत्रांच्या शेवटी ती आढळतात. मला ती लहानपणापासून मुखोद्गत होती, आणि त्याचे कारण पाठशाळा नव्हे.

आमचे घराणे खानापूर तालुक्यातील एका खेड्यातले. पिढ्यान्‌पिढ्या थोडी इनाम जमीन होती. ह्या मुलखात इनामांची चौकशी 1843 पासून सुरू झाली, तिला 1852 च्या कायद्याने बळ आले, त्या चौकशीतून आमची जमीन बचावली. 1952 च्या मुंबई राज्याच्या कायद्याने वैयक्तिक इनामे रद्द झाली, तेव्हा तिच्यावर पूर्ण सारा बसला. आणि 1 मार्च 1974 पासून कर्नाटकाचा सुधारित जमीनसुधारणा कायदा लागू झाल्यावर ती कसणाऱ्या कुळाकडे गेली. माझे आजोबा अत्यंत सात्त्विक, परंतु त्या बांधावरून जाताना ते हे शापवचन पुटपुटत. संस्कृतातला पहिला अनुष्टुभ म्हणून मी जे शिकलो ते हे. अर्थ कळण्याच्या आधी त्यातला संताप कळला होता. आमच्यावर अन्याय झाला, इतके त्या वयाला पुरेसे होते.

आता गंमत अशी की त्याच कुळाचा नातू माझा शाळासोबती. एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. पुढे मी पाठशाळेत आलो, तो शेती पाहू लागला. मार्गशीर्षात एकदा गावी गेलो असता हलशी पाहावी असे मनात आले आणि त्याने बरोबर येण्याचे कबूल केले. खानापूरपासून पायी निघालो. भात कापून झाले होते, खळ्यांवर मळण्या चालल्या होत्या, आणि सडकेच्या कडेने कोणी कोणी पेंढ्या वाळत टाकल्या होत्या.

नंदगडास पोचेस्तोवर दुपार झाली. आज ह्या गावाची बाजारपेठ लहान दिसते, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कित्तूरच्या देसायांच्या अमलात ती भरभराटीस आलेली होती. घाट चढून गोव्याकडून मीठ, नारळ आणि सुपारी घेऊन बैलांचे तांडे येथे उतरत, आणि वरच्या मुलखातले धान्य घेऊन परतत. 1880 च्या दशकाअखेर मार्मागोव्याहून निघणारी आगगाडी घाट चढून वर आली. माल रुळांवरून जाऊ लागला आणि नंदगडच्या पेठेचे दिवस फिरले. ज्या गावावरून रस्ता जातो त्याचे दैव रस्त्याबरोबर फिरते, ह्याला येथे तरी अपवाद नाही. पुढे 1955 साली गोव्याशी रेल्वेचा संबंध तुटला आणि 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर पुन्हा ये-जा मोकळी झाली, तरी पेठ जुन्या वैभवाला आली नाही.

पण नंदगडास लोक जातात ते वडाकडे. आपणांस ठाऊक असेल, कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे दत्तकविधान कंपनी सरकारने नाकारले, आणि 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या वेशीत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात किल्ला पडला. राणी बैलहोंगलास बंदीत राहिल्या आणि 1829 साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या सैन्यातील संगोळ्ळीचा रायण्णा हा शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे गावची राखण व सरकारची शिपाईगिरी करावी आणि त्या चाकरीबद्दल सनदेने मिळालेले शेत खावे, असा मनुष्य. नव्या अमलात त्याची बरीचशी जमीन जप्त झाली आणि उरलेलीवर भारी सारा बसला. राणीच्या दत्तकपुत्राला, शिवलिंगप्पाला, गादीवर बसविण्यासाठी त्याने माणसे जमविली. 1830 च्या जानेवारीत बिडीची कचेरी त्यांनी जाळली. सरकारी खजिने लुटले, ज्यांना जप्त जमिनी मिळाल्या होत्या त्यांच्यावर चालून गेले, आणि रानातून रानात हिंडत राहिले. एप्रिलमध्ये फितुरीने तो धरला गेला. 26 जानेवारी 1831 रोजी नंदगडजवळच्या एका वडाला त्याला फाशी दिले. नंदगडच्या शिवारात त्याची समाधी आहे. एका सोबत्याने तिच्यावर वडाचे रोप लावले असे परंपरा सांगते, आणि तो वड आज विस्तारला आहे. मूल व्हावे म्हणून स्त्रिया तेथे पाळणे बांधतात. ज्याला सरकारने बंडखोर म्हणून लटकविले, त्याच्या झाडाला लोकांनी पाळणे लटकविले. ह्यावर टीका करण्याचे मला कारण दिसत नाही.

समाधीपाशी आम्ही बराच वेळ बसलो. मी माझ्या सोबत्याला म्हटले, "पाहिलेस? दिलेली जमीन काढून घेतली की काय होते ते." माझ्या मनात शापवचन होते आणि, आपणांपासून लपवून उपयोग नाही, आमचा बांधही होता. तो काही बोलला नाही. त्याच्या आजोबांच्या नावावर झालेली जमीन हीच ती, हे त्यालाही कळत होते. मित्राला असे टोचून बोललो ह्याची मला आजही लाज वाटते.

पुढे हलशी जवळ आली. गावाबाहेर, जेथे ते पत्रे निघाले त्या बाजूला, वाटेच्या कडेला आम्ही थांबलो. माझ्यापाशी पाठांची हस्तलिखित प्रत होती. मी मृगेशवर्म्याचा लेख मोठ्याने वाचला आणि त्याला मराठीत अर्थ सांगितला : राजा कोण, त्याचे गोत्र कोणते, मुनी कोणते, नदी कोणती, संगम कोणता, तेहतीस निवर्तने. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

"तेहतीस निवर्तनं दिली म्हणतोस. ती कसत कोण होता?"

मी पत्रा पुन्हा चाळला. नाव नाही. दुसरा चाळला. राजा आहे, सेनापती आहे, सेनापतीच्या पुढच्या पिढ्याही आहेत, मुनी आहेत. सीमा आहेत. कोणते कर माफ झाले ह्याचेही उल्लेख आहेत. चिखलात उभा राहून रोपे लावणारा मनुष्य कोठेही नाही. तो भूमीबरोबरच गृहीत धरलेला आहे.

"म्हणजे दिली तेव्हाही त्याला कोणी विचारलं नाही," तो म्हणाला, "आणि काढून घेतली तेव्हा शाप तुमच्या बाजूचा!"

भक्तजनहो, मी पाठशाळेत न्यायशास्त्राचा थोडा अभ्यास केला आहे. ह्यावर मला उत्तर सुचावयास हवे होते. एक सुचले तेही सांगतो. दानपत्र हे राजाचा व दान घेणाऱ्याचा परस्परांतील लेख आहे, त्यात कसणाऱ्याचे नाव येण्याचे प्रयोजन नाही. ज्याप्रमाणे आजच्या खरेदीखतात मजुराचे नाव येत नाही. हे शास्त्रतः बरोबर आहे. पण ते बोलून दाखविण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण समोरच्या मनुष्याच्या हाताला मळणीचे घट्टे होते आणि माझ्या हातात कागद होता. दुसरे असे की रायण्णाच्या झाडाखाली मी ज्या शापाचा आधार घेतला, त्या शापाने पाहिले तर मारणाराही शापित आणि मित्राचे आजोबाही शापित ठरतात. एकाने सनदी शेत राज्यासाठी हिरावून घेतले, दुसऱ्याने स्वतः कसलेले शेत कायद्याने मिळविले. हे दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. माझ्या आजोबांनी ते एका मापाने मोजले होते, आणि मीही.

त्यांच्याविषयी अनादराने मी हे बोलत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांची घरे कशी चालली ते मी पाहिले आहे. मुलांना शिकविण्यासाठी घरातील तांब्यापितळेची भांडी विकावी लागली. कित्येक देवस्थानांचे नैवेद्य त्या वर्षांत आटले, हे येथे बसलेल्या वृद्ध पुजाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. दुःख खोटे नव्हते. त्याला शापाची भाषा लाभली होती, एवढेच.

हलशीच्या मंदिराविषयी न सांगता थांबलो तर आपण मला क्षमा करणार नाही. कदंबांच्या ताम्रपटांनंतर सहाशे-साडेसहाशे वर्षांनी, त्याच नावाचे पण गोव्यात राज्य करणारे दुसरे कदंब घराणे ह्या भागाचे स्वामी झाले. कोकण नऊशे आणि पलसिगे बारा सहस्र अशा दोन प्रांतांवर त्यांचा अंमल होता. एक घाटाखाली, एक घाटावर. गोपकपट्टणाच्या बंदरातून पलाशिकेस आणि पलाशिकेहून गोपकपट्टणास राजाची माणसे, सारा आणि निरोप सतत जात येत असले पाहिजेत. ह्या राजांचे उपास्य दैवत सप्तकोटीश्वर. त्याच्या वरप्रसादाचे बिरुद त्यांच्या नाण्यांवर व लेखांत आहे. दिवाडीवरचे त्याचे मूळ देवालय पोर्तुगीज काळात मोडले, आणि नार्व्यास जे देवालय आहे त्याचा 1668 साली श्रीशिवछत्रपतींनी जीर्णोद्धार केला, हे गोमंतकीय भक्तांना विदितच आहे. नार्व्याच्या देवाचा भक्त आणि हलशीच्या देवाचा दाता हा एकच राजवंश.

भूवराह-नरसिंहाच्या त्या मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत. एकीकडे भूमीला उचलून धरलेला वराह, दुसरीकडे नारायण व नरसिंह. आत शिरल्यावर डोळे काळोखाला सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग एकदम वराहाची भव्य मूर्ती पुढे येते. कलियुगाच्या 4270 व्या वर्षी, म्हणजे इसवी सन 1169 मध्ये, शिवचित्त पेर्माडी राज्य करीत असता, मातायोगी नावाच्या एका विष्णुभक्ताने येथे नरसिंहाची प्रतिष्ठा केली आणि देवाला सिंदवल्ली हे गाव मिळाले. वराहाची स्थापना पुढे 1186-87 च्या सुमारास, शिवचित्ताचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य ह्याच्या काळातली. कलियुगाची गणना शिलालेखांत सर्रास वापरणारी घराणी थोडी, गोव्याचे कदंब त्यांतले. संकल्पात रोज आपण कलियुगाचा उच्चार करतो, परंतु तो आकडा दगडावर कोरलेला वाचताना मला मोठा आनंद झाला. माझ्या मित्राला आकड्याचे काही वाटले नाही. तो वराहाकडे पाहत होता. "ह्यानं जमीन दातावर घेतली आहे," एवढेच तो म्हणाला.

शिवचित्ताची पट्टराणी कमलादेवी. तिने देगांवे येथे कमलनारायण व महालक्ष्मीचे देवालय बांधविले. लेखावर कलियुगाचे 4275 वे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन 1174. त्या गावाचे अग्रहार करून ते ब्राह्मणांना दिले गेले. लेख नागरीतही कोरलेला आहे आणि कानडी लिपीतही. एका राणीला एकाच दानाची वार्ता दोन लिप्यांत सांगावीशी वाटली. आपल्या ह्या स्मरणग्रंथाची पाने दोन भाषांत छापली जाणार आहेत असे कळले, तेव्हा मला त्या दगडांची आठवण झाली. देगांव्याच्या ह्या कामाबद्दल मला विशेष कौतुक ह्याचे की, तेथे सूत्रधाराचे नाव आहे : तिप्पोज, होल्लोजाचा पुत्र, बागोजाचा पिता. ज्याने टाकी चालविली त्याच्या तीन पिढ्या दगडावर राहिल्या.

ही गोष्ट मी हलशीहून परतताना मित्राला सांगितली. त्या दिवशी आम्हांला देगांव्यास जाता आले नव्हते, सूर्य कलला होता आणि खानापूरची शेवटची गाडी गाठावयाची होती. गाडीत गर्दी होती. भाताची पोती मधल्या वाटेत ठेवलेली, त्यांवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांतली एक मराठीत भांडत होती आणि दुसरी कानडीत उत्तर देत होती. नंदगडच्या थांब्यावर त्या दोघी एकमेकींचा हात धरून उतरल्या.

गावी पोचल्यावर मी वडिलांपाशी आजोबांच्या पेटीतील कागद मागितले. त्यांत सनदेची जीर्ण नक्कल निघाली. इतर जे असावयाचे ते सारे होते. मागील बाजूस, वेगळ्या शाईत, बहुधा पणजोबांच्या अक्षरात, काही वर्षांच्या भाताच्या मापांची टिपणे होती, आणि प्रत्येक टिपणापुढे ज्याने ते माप आणून घातले त्याचे नाव. ते माझ्या मित्राच्या पणजोबांचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद घेऊन त्याच्या खळ्यावर गेलो. मळणी थांबवून त्याने तो उन्हात धरला, मोडी त्याला वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखविले. त्याने आपल्या मुलाला हाक मारली आणि ते नाव पुन्हा एकदा वाचावयास सांगितले.

कागद आता त्याच्या घरी आहे. प्रत मी ठेवून घेतली.